कुलूप दिसलं म्हणजे वेबसाइट खरी, असं नाही

‘पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की बिनधास्त पासवर्ड टाका’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढंच कुलूप सांगतं. समोर बँक आहे की भामटा, हे नाही. त्यामागचं डिजिटल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून काही मिनिटांत फुकट मिळतं, भामट्यालाही. (क्रोमने २०२३ मध्ये हे चिन्ह बदललं, ते याच गैरसमजामुळे.)

पाहायचं ते पत्त्यातलं नाव, तेही शेवटाकडून: पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी काय आहे? रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. ही अक्षरं मध्येच असून शेवट ‘डॉट कॉम’ असेल, तर पान बंद करा.