शकुंतलेचे पैसे इंग्रजांना जातात?

स्वातंत्र्यदिन जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो: ‘इंग्रजांनी कापूस न्यायला टाकलेली विदर्भातली शकुंतला रेल्वे आजही त्यांच्याच मालकीची आहे. तिच्यासाठी सरकार दरवर्षी १ कोटी २० लाख रुपये लगान ब्रिटनला मोजतं.’ चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात. वऱ्हाडातल्या माणसाला याची चीड येते, कारण या गोष्टीत गाडीची खरी हकिगत बुजून जाते.

आधी मालकीचं बघू. मुर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मुर्तिजापूर-अचलपूर सुमारे ७६ किलोमीटर, हा अडीच फूट रुंद रुळांचा (नॅरोगेज) मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. ही कंपनी १९१० सालची, मुंबईची. तिच्यामागे होती किलिक निक्सन ही १८५७ पासूनची मुंबईतलीच पेढी. पेढी इंग्रजांनी काढली, हे खरं. पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात आली. मग ब्रिटनला पैसे जाण्याचा प्रश्न येतोच कुठे?

‘लगान’ हा शब्दही चुकीचा. मार्ग कंपनीचा, गाड्या आधी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने चालवल्या, नंतर मध्य रेल्वेने. त्याबद्दल करारानुसार उत्पन्नातला वाटा कंपनीला मिळायचा. व्यवहार एवढाच.

‘राष्ट्रीयीकरणात सरकार हिला विसरलं’ असंही सांगतात. खासगी मार्ग काही ही एकटीच नव्हती. बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये विकत घेतली. दिल्लीजवळची शाहदरा-सहारनपूर लाइन तर १९७० मध्ये बंद पडेपर्यंत खासगीच होती.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती दुखरी आहे. हे रूळ पडले ते कापसासाठी. अचलपूरच्या वाटेवरच्या एका स्टेशनाचं नावच कापूसतळणी! इथला कापूस मुर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढायचा, तिथून मुंबई, पुढे मँचेस्टर. आणि मँचेस्टरहून काय आलं, तर १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन. ते १९९४ पर्यंत याच रुळांवर राबलं, मग डिझेल आलं. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. एसटीचं भाडं न परवडणाऱ्या बाया-माणसांची, मजुरांची ही गाडी होती.

ती कुणा इंग्रजाने बंद पाडली नाही. रूळ कंपनीचे, म्हणून रेल्वे त्यांवर हात सैल करीना. मिळणाऱ्या वाट्यातून कंपनी दुरुस्ती करीना. स्लीपर कुजत गेले, वेग उतरत गेला, शेवटी गाड्याच थांबल्या. ब्रॉडगेजच्या घोषणाही झाल्या. ‘ब्रिटनला पैसे का देता’ हे विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं, की अचलपूरच्या ब्रॉडगेजचं काय झालं?