‘केबल कापा, सगळं फुकट बघा’: त्या मेसेजचा हिशेब

सांगली-साताऱ्याकडच्या सोसायटीच्या, भिशीच्या, दहावीच्या बॅचच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘केबलवाल्याला महिन्याला ४०० रुपये कशाला देता? केबल कापा. सगळे मराठी चॅनेल ॲपवर लाइव्ह आणि फुकट दिसतात. इंटरनेट घरात आहेच, जादा खर्च शून्य. क्रिकेटही फुकट. पावसापाण्यात ॲप बंद पडत नाही. अमेरिकेत लोकांनी केबल केव्हाच सोडली, आपणच मागे. खाली लिंक आहे, डाउनलोड करा आणि दहा जणांना पाठवा.’

केबलवाल्यांची वकिली करायला मी बसलेले नाही. ऐन मालिकेच्या वेळी चित्र गेलं की ‘माणूस पाठवतो’ म्हणायचं आणि माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. पण या मेसेजात चार आणे खरं आणि बारा आणे खोटं असं बेमालूम कालवलंय. तो वाचून आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांनी बॉक्स परत दिला, आणि आता ती माणसं रोज कुणाचा ना कुणाचा पासवर्ड मागत फिरतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सगळे मराठी चॅनेल ॲपवर’. कुठल्या ॲपवर? स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर, सन मराठीच्या सन नेक्स्टवर. म्हणजे केबलवर एका रिमोटने जे दिसतं त्यासाठी इथे चार दुकानं हिंडायची, आणि प्रत्येक दुकानाचं खातं वेगळं. काही भाग जाहिरातींसह फुकट असतो, बाकीच्यावर कुलूप. शिवाय तिथे बहुतेक वेळा चॅनेल दिसत नाही, मालिकेचा भाग दिसतो. कामावरून नऊला घरी येणाऱ्या माणसाला हे उलट सोयीचंच आहे, आठची मालिका तो साडेनऊला बघेल. पण मेसेज म्हणतो ‘लाइव्ह’, आणि ते तसं नाही.

बातम्यांपुरता मात्र मेसेज खरा आहे. बहुतेक मोठ्या मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास लाइव्ह आणि फुकट असतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ नावाचं ॲप काढलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. ज्यांच्या घरी टीव्ही फक्त बातम्यांसाठी लागतो त्यांनी केबल खुशाल सोडावी. माझा त्यांच्याशी वाद नाही.

वाद आहे तो घरात म्हातारं माणूस असेल तर. माझ्या मावशी मिरजेला असतात. त्यांच्या केबलच्या रिमोटवर नेलपॉलिशचे दोन ठिपके आहेत, लाल ठिपका चालू-बंदचा आणि गुलाबी आवाजाचा. चॅनेलचे नंबर तोंडपाठ. मुलाने हौसेने स्मार्ट टीव्ही आणला, ॲप घालून दिलं आणि तो पुण्याला गेला. एके दिवशी ॲपने आपणहून लॉगआउट केलं. रात्री आठला मावशींचा फोन: ‘अगं, ते कसलासा कोड मागतंय. कोड म्हणे बंड्याच्या मोबाइलवर गेलाय, आणि बंड्या फोन उचलेना.’ बंड्या मीटिंगमध्ये होता. त्याने फोन उचलेपर्यंत मालिका संपली होती आणि कोडही बाद झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना बॉक्स कपाटातून काढून जोडायला लावला. तरुण माणसाला ही किरकोळ बाब वाटेल. पण केबलचे पैसे भरणाऱ्या घरांत संध्याकाळी टीव्हीसमोर बसतं कोण, हे एकदा बघा.

आता पैशाचा मुद्दा. ‘४०० रुपये देता’ आणि ‘जादा खर्च शून्य’ ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत.

४०० रुपये जातात ते बहुतेकदा आपण पॅककडे कधी पाहिलेलंच नसतं म्हणून. ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तेव्हापासून हवे तेवढे चॅनेल सुटे निवडायचा हक्क ग्राहकाला आहे. जोडणीचं मूळ भाडं १३० रुपये ठरलं होतं. त्यात आधी १०० चॅनेल होते, २०२० च्या दुरुस्तीनंतर २०० झाले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या भाड्यावरची मर्यादा काढली, त्यामुळे आता आपल्या केबलवाल्याचा आकडा त्यालाच विचारावा लागतो. तरी १३० धरून चालू. बुकेत, म्हणजे जोडपॅकमध्ये, घालायच्या चॅनेलची कमाल किंमत १९ रुपये आहे. करमणुकीचे चार मराठी चॅनेल प्रत्येकी पुरे १९ ला घेतले तरी ७६. एकूण २०६, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४३ रुपये. उरलेले दीडशे जातात ते कुठल्या कुठल्या भाषांच्या, कधी न उघडलेल्या चॅनेलांच्या जोडपॅकवर. केबलवाला हे आपणहून सांगणार नाही. विचारलं तर ‘पॅकच घ्या ताई, सुटं महाग पडतं’ म्हणेल. काही वेळा ते खरंही असतं, म्हणून दोन्ही बेरजा कागदावर करून मागायच्या.

आणि ‘इंटरनेट आहेच’ म्हणजे कुठलं? मोबाइलचं रोजचं दोन जीबी असेल तर मोठ्या टीव्हीवर ते एका संध्याकाळीही पुरत नाही. एचडी चित्राला तासाला साधारण दीड ते तीन जीबी लागतात. ५जी फोन आणि ५जी टॉवर दोन्ही असतील तर डेटाची अडचण येत नाही, पण हॉटस्पॉट देणारा फोन घेऊन मुलगी क्लासला गेली की टीव्हीही क्लासला गेला. म्हणजे घरात फायबर हवं. जिओचा सुरुवातीचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ चा. जीएसटी धरून ४७१ होतात आणि त्यात मालिकांचं एकही ॲप मिळत नाही. त्यावर ॲपांचे पैसे. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा तीन महिन्यांना १४९ रुपयांचा प्लॅन होता. मेसेजवाले नेमका तोच आकडा नाचवतात. पण तो फक्त एका मोबाइलवर चालणारा प्लॅन होता, टीव्हीवर नाही. टीव्हीसाठी तेव्हा २९९ पासून पुढे.

थोडक्यात, ज्यांच्याकडे मुलांच्या अभ्यासासाठी, घरून कामासाठी फायबर आधीच आहे, त्यांनी फक्त ॲपांचा खर्च केबलशी ताडून बघावा. तिथे केबल कापणं खरंच परवडू शकतं. ज्यांच्याकडे फायबर नाही आणि जे फक्त टीव्हीसाठी ते घेणार आहेत, त्यांचं बिल दुप्पट होईल. मेसेजाने दोघांना एकाच मापाने मोजलंय.

यात एक गंमतही आहे. आपल्याकडच्या कित्येक गावांत आणि पेठांत फायबर ओढून देणारा माणूस कोण? तोच, केबलवाला. पिवळी पावती गेली, पांढरी आली, वसुलीला तोच पोऱ्या त्याच मोटारसायकलवर. कंपन्याही आता दोन्ही एकत्रच विकतात. एअरटेलने मार्च २०२५ मध्ये फायबरवरून टीव्ही सुरू केला, बीएसएनएलची फायबर टीव्ही सेवा ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि तिच्यात चॅनेल बघताना आपला डेटा खर्च होत नाही. ‘केबल की स्ट्रीमिंग’ हे भांडण मेसेजात दिसतं तेवढं सरळ राहिलेलं नाही. तुमच्या भागात अशी जोडणी मिळत असेल तर आधी तिचीच चौकशी करा.

क्रिकेटचं म्हणाल तर मेसेज दोन वर्षं शिळा आहे. आयपीएल २०२३ आणि २०२४ मध्ये जिओसिनेमावर फुकट होती, २०२५ पासून तिला पैसे लागू झाले. शिवाय स्पर्धेगणिक ॲप बदलतं, २०२५ चा आशिया कप सोनीलिव्हवर होता. खरं फुकट क्रिकेट वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याबद्दल मेसेजात अक्षर नाही. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारतातले वनडे आणि टी-ट्वेंटी सामने त्यामुळे डीडी स्पोर्ट्सवर दिसतात, पण ते डीडी फ्री डिशवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हेच सामने केबलवरच्या दूरदर्शनवर दाखवता येत नाहीत. फ्री डिश डिसेंबर २००४ पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, मासिक भाडं नाही. पाटण-जावळीच्या आतल्या वाड्यांवर, जिथे फायबर पोचलं नाही आणि केबल कधी पोचणार नाही, तिथे घरांवर छत्र्या दिसतात त्या उगाच नाहीत. महाबळेश्वरच्या बाजूला धो-धो पावसात छत्रीचा सिग्नल जातो हेही तितकंच खरं.

ॲपवर सामना बघणाऱ्यांसाठी आणखी एक. स्ट्रीमिंगचं चित्र केबलच्या मागे असतं, कधी पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. भिंतीला भिंत लागलेल्या गावभागात शेजारी केबलवर सामना बघत असतील तर तुमचा बोलर रनअपला असतानाच पलीकडून ‘गेलाऽऽ’ ऐकू येतं. ज्याला हे चालतं त्याने ॲप घ्यावं.

‘पावसापाण्यात ॲप बंद पडत नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने ऑगस्ट २०१९ मधली सांगली पाहिलेली नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. वीज बंद, टॉवरची डिझेलं संपलेली, कसलं ॲप आणि कसली केबल. एवढा मोठा पूर सोडा, रोजच्या गोष्टीही तशाच. फायबरची वायर केबलच्याच खांबावरून येते. उसाच्या हंगामात वाळव्या-कराडकडे डबल ट्रॉली वरपर्यंत भरून निघाली की वेशीतून जाताना दोन्ही वायरी एकदमच ओढून नेते. वीज गेली तर राउटरही बंद आणि बॉक्सही बंद. इन्व्हर्टर असेल तर दोन्ही चालू.

पुराच्या बाबतीत केबलची एक बाजू मात्र ॲपवाल्यांना ठाऊकच नाही, ती म्हणजे गावचं स्थानिक चॅनेल. खाली सरकणाऱ्या पट्टीत कोयनेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी, मध्येच एखाद्या साडीच्या दुकानाची जाहिरात, गणपतीत मिरवणूक, जत्रेत कुस्तीचं मैदान. चित्र भुरकट असेल, निवेदक घोगरा असेल, पण पाणी आपल्या गल्लीत येणार की नाही हे मुंबईचं चॅनेल सांगत नाही. आता यातली बरीच चॅनेलं यूट्यूबवरही असतात. ती शोधून, सबस्क्राइब करून ठेवलीत का, हे केबल कापण्याआधी तपासा.

राहिली अमेरिका. तिथे खरंच लाखो घरांनी केबल सोडली. का सोडली? तिथली केबलची बिलं महिन्याला शंभर डॉलरच्या घरात जातात म्हणून. यूट्यूब टीव्ही नावाची लाइव्ह चॅनेलांची सेवा २०१७ मध्ये ३५ डॉलरला सुरू झाली, तेव्हा लोकांनी तिच्यावर उडी मारली यात नवल नाही. ही सेवा भारतात नाही, आपल्या फोनवरचं यूट्यूब वेगळं. पण तिचं पुढे काय झालं ते मेसेजवाला सांगत नाही. २०१९ मध्ये ती जवळपास ५० डॉलरवर गेली, २०२० मध्ये ६५ वर, २०२३ मध्ये ७३ वर, आणि जानेवारी २०२५ पासून ८३ वर. आपल्या पैशात महिन्याला सात हजार. चॅनेलांचे मालक तेच, मागणारे हात तेच, फक्त पैसे गोळा करणारा बदलला. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस तर डिस्ने आणि यूट्यूब टीव्ही यांचं पैशावरून फाटलं आणि दोन आठवडे ईएसपीएन, एबीसीसारखे चॅनेल तिथून गायब झाले. भर फुटबॉलच्या मोसमात.

हे आपल्याला अनोळखी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये दराच्याच वादातून स्टार, झी आणि सोनीने बऱ्याच केबल कंपन्यांचे सिग्नल काही दिवस तोडले होते. तेव्हा केबलवाला काकुळतीने ‘वरून बंद आहे हो’ म्हणत होता ते खोटं नव्हतं. माध्यम कुठलंही घ्या, चॅनेलवाल्यांचं भांडण तुमच्या पडद्यावर येतंच. आणि जिथे मूळ बिलच अडीचशे-तीनशे आहे, तिथे अमेरिकेसारखी बचत आणणार कुठून?

शेवटी ती लिंक. ती प्ले स्टोअरवर नेत नाही, थेट एक एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, उतरवते. ‘सगळे पेड चॅनेल फुकट’ देणारं असं ॲप कायदेशीर असूच शकत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, असली ॲपं बसवताना एसएमएस वाचायची, स्क्रीन बघायची परवानगी मागतात. टीव्हीला तुमचे एसएमएस कशाला हवेत? त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो. ॲप बसवून झालं असेल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि ज्या ग्रुपवर मेसेज आला तिथे ‘लिंक उघडू नका’ एवढं तरी लिहा, कारण तो वाचणाऱ्यांत कुणाची तरी मिरजेची मावशी असणारच.