नर्सिंगला गणित लागत नाही म्हणे!

"गणिताचा तिटकारा? या करिअरमध्ये आकड्याचं तोंडही बघावं लागत नाही!" नर्सिंग, मानसशास्त्र, वकिली, फिल्म एडिटिंग, ग्राफिक डिझाइन, भाषा अशी यादी देणारा हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर फिरतोय. मी सोडून दिला असता. पण रविवारी कोथरूडहून भाचीचा फोन आला, "मावशी, नर्सिंगला गणित नसतं ना? मग मी तेच घेते." दहावीला गणितात ४१ पडलेत, घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात २२ वर्षं सिस्टर आहे. त्यामुळे आता बोलणं भाग आहे.

"नर्सिंग : फक्त सेवाभाव हवा." सेवाभावाने सलाईन उतरत नाही हो. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सलाईनची नळी (सेट) मिलीला २० थेंब सोडणारी. मिनिटाला थेंब किती? भाचीने फोनवरच हिशेब केला, "४१.६६. पण मावशी, पॉइंट सहासष्ट थेंब कसा मोजायचा?" (४२ धरायचे. प्रश्न मात्र बरोबर विचारला पोरीने.)

इन्सुलिनचं ऐका. आपल्याकडे मिलीला ४० युनिटचंही मिळतं आणि १०० युनिटचंही. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. १०० च्या इन्सुलिनला चुकून लाल टोपणाची घेतली आणि २० च्या खुणेपर्यंत (म्हणजे अर्धा मिली) ओढलं, तर पेशंटच्या अंगात ५० युनिट जातात. अडीचपट! शुगर उतरून माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं. 'आकड्याचं तोंड बघायचं नाही' म्हणणारी मुलगी त्या पलंगाशी उभी असावी, असं फॉरवर्ड करणाऱ्या काकांना वाटतं का? काकांना स्वतःला शुगर आहे.

आणि माझ्यावर विश्वास नसेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा बीएस्सीचा अभ्यासक्रम उघडा. 'नर्सिंग रिसर्च अँड स्टॅटिस्टिक्स' हा विषयच आहे त्यात.

पण हेही सांगते, वॉर्डातलं गणित म्हणजे गुणाकार, भागाकार, दशांश चिन्ह. २२ वर्षांत 'क्ष' मला एकदाही भेटला नाही. ४१ मार्कवाल्या मुलीला हे जमतं. टाळून मात्र चालत नाही.

बाकीचे मुद्दे भराभर. मानसशास्त्र : सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध या संख्याशास्त्राशिवाय पदवी पुरी होत नाही. वकिली : कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत, क्लॅटमध्येच सुमारे १० टक्के प्रश्न गणिताचे. फिल्म एडिटिंग : सेकंदाला २४ फ्रेम, पुण्यातल्या चित्रपट संस्थेच्या, एफटीआयआयच्या कुठल्याही पोराला विचारा. ग्राफिक डिझाइन : स्वतःची बिलं काय शेजारी करून देणार?

भाषांचा मुद्दा निम्मा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चाललाय, चिठ्ठीवर चिठ्ठी, शब्दावर शब्द. तिथे त्रैराशिक कुणी मांडत नसेल. भाषांतरातही नाही, मानधन शब्दांवर मोजायची वेळ येईपर्यंत.

आणि एखाद्या मुलाला आकडे खरंच उमगतच नसतील, तर तो कंटाळा नव्हे. डिसकॅल्क्युलियाची (आकडे आणि गणित समजण्यातल्या अडचणीची) तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते. फॉरवर्डमध्ये याबद्दल एक ओळ नाही.

शनिवारी भाचीला फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनची चौकशी करायला नेतेय. तिथून माझ्या वॉर्डात. दोन्ही बघू दे, मग ठरवेल.