सही बघून स्की घ्या, बूट नंतर बघू

स्की घ्यायला निघालात ना? मग पायाचं माप, वजन, कुठल्या बर्फावर उतरायचंय, असले किरकोळ प्रश्न घरीच ठेवा. दुकानात शिरलं की एकच विचारायचं: "सही कुणाची आहे?" सही नसेल तर ती स्की हातात धरण्याच्या लायकीची नाही. निवृत्त विजेता, एखादा नट, गेला बाजार कड्यावरून उड्या मारतानाचे व्हिडिओ टाकणारा कुणीतरी पाठीशी हवाच. आणि सध्या अशांची टंचाई मुळीच नाही.

सही असते सगळ्यात वरच्या थरावर. हा थर म्हणजे छापील प्लास्टिकचा पापुद्रा, एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. ओरखडे आणि पाणी आत जाऊ न देणं हे पापुद्र्याचं काम. सहीचं काम चौकातल्या फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकाइतकं.

पापुद्र्याखाली काय आहे हे विचारून विक्रेत्याला अवघडवू नका. तिथे फायबरग्लास असतं, त्याखाली पॉप्लर, ॲश किंवा पॉलोनियाच्या पट्ट्या चिकटवून केलेला लाकडी गाभा, पुन्हा फायबरग्लास, दोन्ही बाजूंना पोलादी कड आणि तळाला पॉलिइथिलीन. महागातल्या स्कीत टायटॅनलचे एक-दोन पत्रे. जाहिरातीत 'टायटॅनियमची ताकद' असं वाचलंत तर मान डोलवा. टायटॅनल हा ऑस्ट्रियातल्या रान्सहोफेनच्या आमाग कंपनीचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, हे मनातच ठेवा.

हे सगळे थर इपॉक्सी लावून साच्यात रचतात आणि गरम प्रेसखाली दाबतात. प्रेस आणि साचे महाग पडतात, म्हणून नवा ब्रँड सहसा स्वतःचा कारखाना काढत नाही, चालू कारखान्यातून माल बनवून घेतो. स्लोव्हेनियातल्या बेगुन्ये गावचा एलान स्वतःच्या नावाने स्की बनवतो, तशा दुसऱ्यांच्या नावानेही बनवून देतो. यात लबाडी काही नाही. चांगल्या कारखान्यातून आलेली स्की चांगलीच असते. फक्त 'आम्ही शून्यापासून घडवली' हे वाक्य आलं की शून्य म्हणजे कारखान्याच्या यादीतला कितवा साचा, एवढं विचारायचं नाही.

नामवंताने पदकं कुठल्या स्कीवर मिळवली, हाही शिष्टाचाराला सोडून असलेला प्रश्न. अमेरिकन स्कीपटू बोडी मिलरचंच घ्या. सहा ऑलिंपिक पदकं, दोनदा एकूण विश्वचषक. २००५ चा ॲटॉमिक कंपनीच्या स्कीवर, २००८ चा हेडच्या. पुढे नाव जोडलं आधी बॉम्बर या स्की कंपनीशी, मग पीक या दुसरीशी. गडी नक्कीच स्की ओळखतो, आणि पीकने निदान टायटॅनलच्या पत्र्यात बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) पुढे पाडलेल्या खाचेबद्दल बोलणं केलं. खाच आहे की नाही, तिने वळणं सोपी होतात की नाही, हे उतारावर तपासता येतं. 'विजेत्याचा आत्मा' तपासता येत नाही, म्हणून तोच विकायला सोपा.

कुणी खवचटपणे शेन मॅक्काँकी या स्कीपटूचं नाव काढलं तर विषय बदला. त्याने आर्जेंटिनातल्या एका बारमध्ये कागदी रुमालावर उलट्या बाकाची (टोकं वर, मधला भाग खाली), मधे रुंद स्की काढली, अलास्कात पाण्यावरच्या स्कींना बाइंडिंग ठोकून भुसभुशीत बर्फात उतरून दाखवलं, आणि मग व्होलांट कंपनीची स्पॅच्युला ही स्की आली. आज खोल बर्फासाठीच्या जवळपास प्रत्येक स्कीचं टोक वर उचललेलं असतं, ते त्या खटाटोपामुळे. अशी माणसं धंद्याला घातक. त्यांच्यामुळे गिऱ्हाईक 'तुम्ही नेमकं काय बदललंत?' असं विचारायला शिकतं. त्याहून घातक १९९३ ची एलान एससीएक्स. कंबर, म्हणजे मधली रुंदी, खूप आत घेतलेली ही स्की निघाली आणि सगळ्या जगाची वळायची पद्धत बदलली. ती काढणारा युरी फ्रँको साधा इंजिनिअर होता. १९८४ च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणारा युरे फ्रँको तो हा नव्हे. नावाने एवढं जवळ येऊनही सही करायची राहिली!

दुकानात स्की उलटी करून तळ बघायची सवय असेल तर ती मोडा. लोक काय करतात, एक सरळ पोलादी पट्टी तळावर आडवी ठेवतात आणि उजेडाकडे धरून खालच्या फटीतून बघतात. मध्यभागी उजेड दिसला तर कडा उंच राहिल्यात. अशी स्की रुळावर चढल्यासारखी सरळ धावते आणि वळणात पाय सोडत नाही. दोन्ही कडांशी उजेड दिसला तर तळ फुगलाय; ही कडक बर्फावर पकड घेत नाही, नुसती तरंगते. नव्याकोऱ्या, वेष्टनातल्या स्कीतही हे निघतं, कारण प्रेसमधून आलेल्या इपॉक्सीला पुढे काही काळ बसायचं असतं आणि कारखान्याला मात्र माल काढायची घाई असते. उपाय सोपा आहे: दगडी चाकावर तळ सपाट करायचा, मग कडेला तळाच्या बाजूने १ अंश आणि बगलेने २ किंवा ३ अंशाचा उतार द्यायचा. पण तो करून घेतलात की स्की नीट चालेल आणि श्रेय कारागिराला जाईल. तेव्हा पट्टी घरीच ठेवा. स्की नीट वळली नाही तर विजेत्याच्या दर्जाची स्की आपल्याला झेपत नाही, असं नम्रपणे समजा.

वरच्या थरावर सहीखेरीज अजून एक मजकूर असतो, बहुधा मधल्या खुणेजवळ, मुंगीएवढ्या अक्षरात: '४.१ × ९' किंवा '३.६ × ९'. हा बाइंडिंगच्या स्क्रूंसाठी लागणाऱ्या ड्रिलच्या पात्याचा व्यास आणि भोकाची खोली, मिलिमीटरमध्ये. टायटॅनलचा पत्रा असलेल्या स्कीला ४.१, नसलेल्या स्कीला ३.६. पत्र्याला ३.६ चं भोक पाडलंत तर स्क्रू आत जाताना पत्रा वर उचलतो आणि बाइंडिंगखाली उंचवटा येतो. बिनपत्र्याच्या स्कीला ४.१ चं पाडलंत तर स्क्रू गोल फिरतो आणि पहिल्याच जोरदार पडण्यात बाइंडिंग स्क्रूंसकट हातात येतं. खोली चुकली तर तळाला टेंगूळ. एवढा महत्त्वाचा मजकूर सहीच्या शेपटाखाली दडलेला असेल, तर मांडणी सुंदर आहे असं म्हणा.

बाइंडिंगचा आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट सुटावा तो, लावताना तर संकोच करूच नका. शास्त्रानुसार तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक उतरता यावरून, आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात बघून ठरतो. पन्नाशी ओलांडली की एक पायरी खाली. हौशी माणसाचा बहुधा ५ ते ८ च्या मधे कुठेतरी येतो. पण तुम्ही विजेत्याची स्की घेतली आहे, आणि विश्वचषकातली मंडळी २० च्या पलीकडे लावतात. तुम्हीही लावा. मग पडल्यावर बाइंडिंग सुटणार नाही. सुटायचं काम गुडघा करील.

ब्रेकचंही तेच, म्हणजे बूट सुटला की बर्फात रुतून स्की थांबवणाऱ्या बाइंडिंगच्या दांड्यांचं. स्कीची कंबर १०४ मिलिमीटर आणि ब्रेक ९० चा असेल तर तो खाली जातच नाही, ११० चा नीट बसतो. १३० चा घेतलात तर वळणात बर्फावर घासतो. पण ९० चा स्कीच्या रंगाला जुळत असेल तर घ्या.

लांबीबद्दल फार बोलायला नको. पुरुषांच्या जायंट स्लॅलम शर्यतीची स्पर्धेतली स्की किमान १९३ सेंटिमीटर आणि वळणाच्या ३० मीटर त्रिज्येची लागते, दुकानात त्याच नावाने मिळणारी बहुधा १५-१८ मीटरची. दोन्हींवर सही सारखीच, म्हणजे स्कीही एकच.

आता बूट. खरं तर बूट आधी घ्यायचे असतात, पण त्यांवर सह्या फारशा मिळत नाहीत, म्हणून ते शेवटी. आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. एक ते दोन बोटं, म्हणजे १ ते २ सेंटिमीटर, बस्स. त्याहून जास्त राहिली तर टाच उचलते, आणि मग तुम्ही वळण देता ते स्कीपर्यंत पोचतच नाही. बुटावरचा १०० किंवा १२० हा कडकपणाचा आकडा एका कंपनीचा दुसरीशी जुळत नाही, कारण त्याचं सामाईक मोजमापच नाही. पण बुटावर तासभर घालवण्यापेक्षा स्कीच्या खोक्यातलं आभारपत्र वाचा. छपाई छान असते. गुलमर्गला वर्षातून सात दिवस जाणाऱ्यांना कुणी भाड्याच्या स्की आणि स्वतःचे बूट असा सल्ला दिला तर तो माणूस तुमच्या आनंदावर जळतो, हे ओळखा.

दुसऱ्या हंगामात टोकाशी थर सुटू लागले तर वॉरंटीचं कार्ड शोधा आणि कंपनी अजून आहे का तेही बघा. नसेल तर फट पाचरीने हलकेच उघडा, आतलं पाणी पूर्ण सुकू द्या, सावकाश वाळणारं दोन भागांचं इपॉक्सी भरा, वर-खाली मेणकागद आणि लाकडी फळ्या ठेवून क्लॅम्प लावा आणि चोवीस तास हात लावू नका. सही नेमकी टोकाशीच असेल तर मेणकागद दुहेरी घाला, डाग पडायला नको. पुढे ती जुन्या बाजारात विकायला काढाल तेव्हा समोरचा विचारील: लांबी किती, बाइंडिंगची भोकं कितीदा पाडली, कड किती उरली? सहीचं तुम्ही सांगायचं.