मुलुंडहून टेक्सासची हिच

रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसाला चाकं असलेली कुठलीही वस्तू दुरुस्त करता येते, असा आमच्या नातेवाइकांचा ठाम समज आहे. बाबागाडी, शिलाई मशीन, नातीच्या स्केट्स, सोसायटीची लिफ्ट, सगळं माझ्याच दारात येतं. लिफ्टला चाकं कुठे असतात असं विचारलं तर 'कप्पी असते ना!' हे उत्तर तयार. आता मी विचारत नाही.

तेव्हा टेक्सासमधल्या पुतण्याने ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आणि तो मोटारीला नीट जोडता येईना, यावर दादांनी मला न विचारता तोडगा काढून टाकला. "काकाला फोन लाव. त्याने जन्मभर डबेच जोडलेत."

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पलंग, शेगडी, फ्रिज, संडास असं सगळं असलेलं आणि स्वतःहून एक इंच न हलणारं घर. मुलुंडमध्ये आम्ही असल्या घरात राहतो, सुट्टीत ते बरोबर नेत नाही. तिकडे नेतात. लेबर डेच्या, म्हणजे तिकडच्या कामगार दिनाच्या सुट्टीला जायचं ठरलं होतं आणि त्याआधीचा दर शनिवार माझ्या नशिबी आला. तिकडे सकाळचे आठ, इकडे संध्याकाळचे साडेसहा. मी पिशवी घेऊन भाजीला निघायचं आणि फोनवर पुतण्या उलटा दिसायचा, कारण तो मोटारीखाली आडवा झालेला असायचा.

"काका, वेट डिस्ट्रिब्युशन हिच कशी ताणायची?"

हिच म्हणजे ट्रेलर मोटारीला जोडायचा सांधा, आणि ही वजन वाटून देणारी. आता खरं सांगायचं तर रेल्वेत हा प्रश्नच येत नाही. आमचा डबा आपलं वजन आपल्या आठ चाकांवर पेलतो, कपलिंगने फक्त ओढायचं. ट्रेलरची तऱ्हा निराळी. त्याची चाकं मध्याच्या जरा मागे आणि पुढचा दांडा मोटारीच्या मागच्या गोळ्यावर टेकलेला. ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार त्या गोळ्यावर यायलाच हवा. कमी आला की हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. पुरेसा आला की मोटारीचं बूड बसतं आणि तोंड उचलतं. मग पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग हलकं, ब्रेकची पकड कमी आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर.

त्यावर इलाज ही हिच. गोळ्याखालून दोन दणकट स्प्रिंग बार निघतात, ट्रेलरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात आणि त्यांची टोकं साखळीने वर खेचून अडकवतात. बार ताणले गेले की तरफेचं काम करतात. मोटारीच्या मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. एकूण वजन तेवढंच. साखळीची एखादी कडी पुढेमागे केली की वाटणी बदलते. मला ही कल्पना बेहद्द आवडली. आमच्या घराण्यात वडिलोपार्जित घराची वाटणी इतक्या सहजासहजी झाली नव्हती.

वाटणी जमली की नाही हे मोजायचं कसं, तर मेजरिंग टेपने. सपाट जागेवर, ट्रेलर न जोडता, जमिनीपासून पुढच्या चाकावरच्या कमानीपर्यंतची उंची घ्यायची. मग ट्रेलर गोळ्यावर टेकवून, बार न लावता पुन्हा घ्यायची. तोंड जितकं उचललं असेल, त्यातलं किती खाली आणायचं ते मोटारीच्या पुस्तकात दिलेलं असतं. इथे माझी विद्या कामाला आली. डब्याच्या टोकाला धक्के झेलणाऱ्या बफरची उंची ११०५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि भरलेल्या डब्याची १०३० पेक्षा कमी नको, यात माझी नोकरी गेली. पण पुतण्या एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात फोन धरायचा. मला दिसायचं आकाश, मग बूट, मग शेजाऱ्याचा कुत्रा.

"किती आले?"

"छत्तीस."

"कमानीच्या कडेला धर."

"काका, साडेसदतीस."

"आधीचे छत्तीस कशाचे होते?"

"आधीचं पण हेच होतं. म्हणजे बहुतेक."

असला फिटर माझ्या सेक्शनला असता तर मी त्याला स्टोअरमध्ये पाठवला असता.

त्यात फोन कुटुंबाच्या ग्रुपवर. बोरिवलीचे मेहुणे बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "ट्रेलर विकून टाक आणि एफडी कर." दादा म्हणाले, "जास्त ताण, जास्त ताण, एकदाचा प्रश्न मिटव." हे धोक्याचं होतं. फार ताणलं तर मोटारीची मागची चाकंच हलकी होतात. शिवाय ताणलेला बार हातातून निसटला तर मनगट जागेवर राहत नाही. ट्रेलर गोळ्यावर लॉक करून पुढच्या जॅकने दांडा आणि मोटारीचं बूड दोन्ही वर घ्यायचं, मग बार सहज बसतात, हे मी चार वेळा सांगितलं. गिरगावच्या आत्याने एवढंच विचारलं, "चाकाखाली दगड लावलास का रे?" त्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न. लावला नव्हता.

मला मात्र वेगळाच संशय येत होता. बार कितीही ताणले तरी पुतण्याची तक्रार एकच होती, की ट्रेलर मागून हलतो. म्हटलं, आधी गोळ्यावर किती भार येतोय ते बघू. न्हाणीघरातला वजनकाटा एवढं झेपणार नाही, म्हणून फळीची युक्ती सांगितली. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि ट्रेलरचा दांडा विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट येईल असा टेकवायचा. काट्यावर येईल त्याची तिप्पट. काटा सूनबाईचा होता. तिने तो दिला, पण चेहरा बघून मला वाटलं, ती पूर्वी तो कोणाला का देत नव्हती त्याचं उत्तर आज मिळालं.

काट्यावर आले ८०. तिप्पट २४०. भरलेला ट्रेलर २७०० किलोचा, म्हणजे निदान २७० हवेत.

"मागे काय भरलंय?" मी विचारलं.

पुतण्या गप्प. मग हळूच म्हणाला, "आई आलीय ना. मागे स्वयंपाकघर आहे."

आमच्या वहिनी सहा महिन्यांसाठी लेकाकडे गेल्यात. ट्रेलरच्या शेपटाकडच्या ओट्याखाली त्यांनी तांदळाच्या गोणी, डाळी, बिडाचा तवा, मोठा कुकर आणि तेलाचे डबे लावले होते. हाताशी असलेलं बरं, हे त्यांचं शास्त्र.

हे फोनवर समजावून सांगणं अवघड, म्हणून मी फोन घेऊन खाली उतरलो. गल्लीत भंगारवाल्याची हातगाडी उभी होती, वर जुनं कपाट आणि रद्दी. मी त्याला म्हटलं, "भाऊ, हे कपाट जरा मागे सरकव बघू." त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की भाव कमी करायची माझी ही नवी चाल असावी. पण सरकवलं. दांडे झपकन वर गेले आणि तोही चवड्यांवर उचलला गेला. "बघितलंस?" मी फोनला म्हणालो. भंगारवाल्याने कपाट पुन्हा पुढे ओढलं आणि दांडे खाली दाबून दाखवले. "हाताला थोडं वजन लागलंच पाहिजे काका. नाहीतर गाडी मलाच फिरवते."

पलीकडून पुतण्या म्हणाला, "अरे, हे तर कळलं!" माझ्या आठ शनिवारांनी जे जमलं नाही, ते ह्या माणसाने अर्ध्या मिनिटात केलं.

भंगारवाल्याने फोनमध्ये डोकावून ट्रेलर नीट पाहिला. "एवढं मोठं पत्र्याचं? विकायचंय?"

मग गोणी पुढच्या कप्प्यात गेल्या, काट्यावर ११० आले, म्हणजे ३३०. आता बूड बसलं आणि आता कुठे हिचला खरं काम मिळालं. एक कडी, मग अजून एक, आणि पुस्तकात सांगितल्याइतकं तोंड खाली आलं. ग्रुपवर फुलं आणि हात जोडलेल्या बाहुल्या आल्या. मेहुण्यांनी एफडीचा दर टाकला.

सुट्टीच्या सकाळी पुन्हा फोन. ट्रेलर निघाला होता, पंधरा मैलांवर थांबवला होता.

"काका, परत हलतोय."

"परत काय हलवलंत?"

"काही नाही. आईने फक्त पाण्याची टाकी भरून घेतली. कॅम्पचं पाणी तिला चालत नाही."

टाकी ४० गॅलनची, म्हणजे जवळपास दीडशे लिटर, दीडशे किलो. आणि ती कुठे बसवलेली, तर मागच्या स्वयंपाकघराखाली. मी उभ्या उभ्या हिशोब केला आणि गोळ्यावरचा भार पुन्हा दहा टक्क्यांच्या खाली येत होता. म्हटलं, ताबडतोब टाकी रिकामी करा, पाणी तिथे पोचल्यावर भरा.

फोन वहिनींच्या हातात गेला.

"भावजी, मी पाणी ओतायला तयार आहे," त्या म्हणाल्या. "पण मग संध्याकाळचा चहा तुम्ही मुलुंडहून पाठवणार का?"

मी फोन आमच्या हिच्याकडे दिला आणि भाजीला निघून गेलो.