दोन वाळवंटं, एक जावई

वाळवंटात जाणं सोपं असतं. गाडीत पाणी भरायचं, टोपी घालायची आणि निघायचं. कुठल्या वाळवंटात जायचं हे ठरवायला मात्र, तेही सासू-सासरे भारतातून आलेले असताना, वेगळीच छाती लागते.

आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. नाताळच्या सुट्टीत आई-अप्पांना कुठेतरी न्यायचं होतं आणि पर्याय होते दोन: जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली. दोन्ही कॅलिफोर्नियात, दोन्ही वाळवंटात. दोघांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जाही मिळाला तो एकाच कायद्यानं, एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबर १९९४ला. प्रवेश फीसुद्धा सारखीच, गाडीमागे ३० डॉलर. म्हणजे डावं-उजवं करायचं अमेरिकन सरकारनंही शिताफीनं टाळलं आणि ते काम आमच्या डायनिंग टेबलावर ढकललं.

बायकोनं लगेच एक्सेल शीट उघडलं. अंतर, थंडी, आईंचे गुडघे, अप्पांचं पथ्य, मुलांची चिडचिड, स्वच्छतागृहं असे रकाने, आणि प्रत्येकाला गुण. लग्नाच्या वेळी आमच्या पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईनं पाहिल्या नव्हत्या. अंतरात जोशुआ ट्री पुढे गेलं, कारण ते अडीच-तीन तासांवर. डेथ व्हॅलीला पाच तास, तेही वाटेत चहाला थांबलं नाही तर. आमच्यात ती शक्यता धरतच नाहीत.

मग तिनं मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. एकानं लिहिलं, "डेथ व्हॅलीच! जोशुआ ट्री अर्ध्या दिवसात संपतं." दुसऱ्यानं लिहिलं, "जोशुआ ट्रीच! डेथ व्हॅलीत नुसतं ड्रायव्हिंग." तिसऱ्यानं "दोन्हीकडे दगडच आहेत, सरळ वेगसला जा" असा व्यवहारी सल्ला दिला. चौथ्यानं दिवाळी अंकाची पीडीएफ पाठवली.

खरी सुनावणी सुरू झाली ती अप्पांसमोर. अप्पांची उभी नोकरी भुसावळच्या रेल्वेत गेली. उन्हाच्या बाबतीत ते कोणाला मोजत नाहीत. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं, जगातला हा विक्रम आहे, असं मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. अप्पांनी चष्मा काढला.

"थर्मामीटर कोणी वाचला?"

आता ह्या आकड्याबद्दल काही हवामानतज्ज्ञांनाही शंका आहे हे खरं. जागतिक हवामान संघटनेनं मात्र तो अजून मान्य ठेवलाय. मी हे दोन्ही सांगितलं. अप्पांनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. "बघा, म्हणजे आमचं भुसावळ अजून शर्यतीत आहे." पण तेव्हापासून त्यांचा कल डेथ व्हॅलीकडे झुकला. फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्राबाहेर एक मोठा डिजिटल थर्मामीटर आहे, आणि भर उन्हाळ्यात लोक खास त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायला येतात, हे त्यांना नातवानं दाखवलं होतं. डिसेंबरात तिथे दुपारी जेमतेम १८ अंश असतं ही बातमी त्यांना कोणी द्यायची, ह्यावर आमचं स्वयंपाकघरात कुजबुजून बोलणं झालं. कोणीच दिली नाही.

आईंचं म्हणणं वेगळं. त्यांना आधी जोशुआ ट्रीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, टोकाचे पात्यांचे झुबके पाहिले आणि म्हणाल्या, "ही घायपात आहे."

"नाही हो आई, हे फार प्रसिद्ध झाड आहे."

"असेल प्रसिद्ध. आमच्या बांधावर हेच होतं. ह्याला फक्त फांद्या फुटल्यात."

मी त्यांना खोडून काढायला म्हणून शोधलं तर जोशुआ ट्री हा युक्काचा प्रकार, आणि युक्का आणि घायपात खरोखरच एकाच कुळातल्या. शतावरीसुद्धा त्यांची नातेवाईक. वर, ते रीतसर झाडही नव्हे; खोडात वर्षाची वलयंच नसतात. आईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पोळी लाटायला लागल्या. एक्सेलमध्ये जोशुआ ट्रीचे गुण कमी झाले.

माझं मत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो. मला जोशुआ ट्रीच हवं होतं, आणि तेही तिथल्या चोया निवडुंगांसाठी. उगवतीच्या उन्हात ती झुडपं अशी सोनेरी लवदार दिसतात की हात फिरवावासा वाटतो. तो फिरवू नये. काट्यांना बारीक उलटी खवलं असतात. नुसता बूट घासला तरी निवडुंगाचं अख्खं कांडं सुटून चिकटतं, आणि हातानं काढायला गेलं तर हातालाही चिकटतं. जाणकार म्हणून खिशात फणी ठेवतात, कांड्याखाली घालून उडवायला. हे मी रंगवून सांगितलं. आई म्हणाल्या, "फणी घेऊन फिरायला जायचं?" आणखी गुण गेले.

तोवर लेकानं डेथ व्हॅलीतल्या आपोआप सरकणाऱ्या दगडांचा हट्ट धरला. ते दगड रेसट्रॅक नावाच्या सुकलेल्या तळ्यावर आहेत. थंडीत तिथे पातळ बर्फ धरतो, तो फुटला की वाऱ्यानं त्याचे पापुद्रे दगडांना ढकलत नेतात. हे कोडं २०१४ साली सुटलं. आमचं नाही सुटलं, कारण तिथे जायला २७ मैलांचा, टायर फाडणारा कच्चा रस्ता. "दगड सरकतो ते बघायला आपली गाडी खिळखिळी करायची?" आईंनी विचारलं. दगड बाद झाले.

डेथ व्हॅलीही संकटात आली ती बॅडवॉटरमुळे. ही जागा समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, मैलोन्मैल नुसतं मीठ. "आणि पाणी आलं म्हणजे?" आईंनी विचारलं. मी हसलो. वर्षाला दोन इंच पाऊस पडतो हो तिथे! लेकीनं फोन पुढे केला: ऑगस्ट २०२३मध्ये हिलरी वादळानं वर्षभराचा पाऊस एका दिवसात पाडला, बॅडवॉटरला तळं साचलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत लोक त्यात होड्या वल्हवत होते. आईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

निकाल लागला तो आईंच्या एका प्रश्नानं. "आत चहा मिळतो का?" जोशुआ ट्रीच्या आत दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, स्वच्छतागृहं आहेत, पण बहुतेक खड्ड्याची. फर्नेस क्रीकला मात्र दुकान, पंप, उपाहारगृह, खजुराची झाडं आणि समुद्रसपाटीच्या २१४ फूट खाली चक्क गोल्फचं मैदान. बायकोनं लॅपटॉप मिटला. दोन महिन्यांपूर्वी हा प्रश्न विचारला असता तर एक्सेल लागलंच नसतं, असं मी म्हणणार होतो, म्हणालो नाही.

तिथे अप्पांना सगळ्यांत भावले ते वीस खेचरांचे तांडे. १८८३ ते १८८९ ह्या काळात अठरा खेचरं आणि दोन घोडे टाकणखाराच्या गाड्या ओढत १६५ मैलांवरच्या मोहावी स्टेशनापर्यंत न्यायचे. अप्पा त्या जुन्या गाडीच्या चाकाला हात लावून बराच वेळ उभे होते. "तेव्हाच एक फाटा टाकला असता तर?" त्यांच्या चेहऱ्यावर अंदाजपत्रक दिसत होतं.

मग थर्मामीटर. सकाळची वेळ, आकडा ११. अप्पा स्वेटर आणि माकडटोपी घालून त्याच्यापुढे उभे राहिले, दोन पावलं सरकले, मान उंच केली.

"आकडा झाकला का?"

"झाकला."

"काढा मग."

संध्याकाळी हॉटेलच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवरून फोटो भुसावळच्या पेन्शनर ग्रुपवर गेला. खाली मजकूर: 'येथे ५६.७ अंश नोंदले आहे.' पाच मिनिटांत उत्तर आलं, 'मग माकडटोपी कशाला?'

अप्पांनी फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच लिहा काय ते, जावईबापू. तुम्हीच आणलंत इथे."