'लाइव्ह' अर्धा मिनिट मागे का? आप्पांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आप्पा, राम राम.

यात्रेतल्या कुस्त्या मोबाइलवरून लाइव्ह कशा दाखवाव्यात, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लाइव्हच्या नावाखाली शिळं दाखवता. आखाड्यातून पुतण्याचा फोन येतो की पहिलवान चितपट झाला, आणि आमच्या पडद्यावर अजून हातसलामीच चाललेली. पूर्वी केबलवाला एका वायरीवर सगळ्या गावाला दाखवायचा, आता 5जी येऊनही ही गत. वर 'व्हिडिओचा दर्जा 720 वरच ठेवा' हा सल्ला म्हणजे निव्वळ कंजूषपणा.

सल्ला मी मागे घेत नाही. पण केबलचा मुद्दा तुम्ही नेमका काढलात, तिथूनच सुरुवात करतो.

केबलच्या वायरीत एकच सिग्नल फिरायचा. दहा घरं बघोत की हजार, केबलवाल्याच्या खोलीतल्या यंत्राला त्याचं काही नसायचं. इंटरनेटवर प्रत्येक बघणाऱ्याचा मोबाइल स्वतंत्र मागणी करतो आणि त्याला स्वतंत्र प्रत जाते. 2.5 एमबीपीएसचा (सेकंदाला अडीच मेगाबिट डेटाचा) व्हिडिओ हजार जण बघत असतील तर झाले 2.5 जीबीपीएस, म्हणजे हजारपट. आखाड्यातल्या मोबाइलकडून हे होणं नाही. म्हणून तो एकच प्रत वर पाठवतो आणि बाकीच्या प्रती यूट्यूबसारख्यांचे सर्व्हर काढतात.

मग एकदाच पाठवून वाटेत फाटे फोडावेत की! तेही करून झालंय. त्याला मल्टिकास्ट म्हणतात. स्टीव्ह डिअरिंग यांनी 1989 मध्ये त्याचं मानक लिहिलं आणि 1992 पासून एमबोन नावाच्या जाळ्यावरून सभांचं प्रक्षेपणही होऊ लागलं. अडलं कुठे, ते आपल्या धुळ्याकडच्या माणसाला लवकर कळेल. पांझरा नदीवरची फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी मिळून वाटून घेण्याची) चालली कारण एका बंधाऱ्यावरच्या सगळ्यांनी पीक आणि पाळी ठरवून घेतली, आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा शब्द सगळ्यांनी मानला. मल्टिकास्टला वाटेतला प्रत्येक राउटर (डेटाला वाट दाखवणारं यंत्र) असा पाटकरी व्हावा लागतो: कोणत्या फाट्याला कोण बघतंय याची नोंद त्यानेच ठेवायची. एका कंपनीच्या जाळ्यात हे जमतं, आयपीटीव्ही (कंपनीच्या इंटरनेट जोडणीवरून येणारा टीव्ही) त्यावरच चालतो. पण दहा कंपन्यांच्या जाळ्यांतून जायचं तर दुसऱ्याचं पाणी आपल्या पाटातून कोण फुकट सोडणार? शिवाय एकाच्या हातात फायबर, दुसऱ्याकडे टूजीवर लटकलेला फोन. एकच प्रत दोघांना पुरायची कशी?

तोडगा निघाला तो वेगळ्या वाटेने. 2009 मध्ये ॲपलने एचएलएस नावाची पद्धत आणली. चालू व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे आणि ते साध्या वेबपानासारखे वाटायचे. ॲपलचा सल्ला सहा सेकंदांच्या तुकड्याचा. प्रत्येक तुकडा 1080, 720, 480, 360 अशा वेगवेगळ्या दर्जात तयार असतो आणि नेट कसं आहे ते बघून प्लेअर त्यातला उचलतो. तुकडा म्हणजे साधी फाइल, त्यामुळे ती जवळच्या शहरातल्या सर्व्हरवर साठवता येते आणि पुढच्या हजारांना तिथूनच जाते. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी लोक होते. एवढा भार पेलतो तो अशा साठवणीमुळेच.

आणि तुमचा अर्धा मिनिट जातो तोही इथेच. तुकडा पुरा झाल्याशिवाय पाठवता येत नाही, आणि प्लेअर साधारण तीन तुकडे हाताशी ठेवूनच सुरू होतो. अठरा सेकंद तिथेच गेले. वेगवेगळे दर्जे बनवायला लागणारा वेळ त्यावर. हाताशी ठेवलेला साठा कमी केला की उशीर कमी होतो, पण नेटने जरा उचकी दिली की गोल चकरी फिरू लागते. यूट्यूबवर प्रक्षेपण करणाऱ्याला 'अल्ट्रा लो लेटन्सी'चा (कमीत कमी उशिराचा) पर्याय असतो. मी तो यात्रेत लावत नाही. ऐन डावाला चकरी फिरलेली बघणाऱ्याला खपत नाही, वीस सेकंद उशीर त्याला कळतही नाही. (पुतण्याने फोन केला नाही तर!)

आता 5जी आणि कंजूषपणा. जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो. आपल्याला लागतो अपलोड, आणि 5जीच्या मुख्य पट्ट्यात वेळेचा मोठा वाटा खाली येणाऱ्या डेटालाच दिलेला असतो. त्यात सारंगखेड्यासारखी यात्रा म्हणजे एका टॉवरवर हजारो फोन. सकाळी मोकळ्या मैदानात बारा एमबीपीएस दाखवणारा फोन संध्याकाळी तीनवर येतो.

तीन एमबीपीएसमध्ये 1080 कोंबलं तर काय होतं? कीर्तनात बुवा एका जागी उभे, मागचा पडदा स्थिर. तिथे एकवेळ चालून जाईल. कुस्तीत माती उडते, मागची गर्दी हलते, प्रत्येक चौकटीत जवळजवळ सगळं चित्र बदलतं, म्हणून डेटाही जास्त लागतो. रथावर गुलाल उधळला की त्याहून वाईट. चौकोनी ठिपके पडतात आणि लांग कोणाची, हात कोणाचा ते ओळखू येत नाही. त्याच डेटात 720 स्वच्छ दिसतं. शिवाय आपल्याकडचा मे महिना: उन्हातला फोन तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग फ्रेम गळू लागतात. 1080 वर हे लवकर होतं. फोन सावलीत, कव्हर काढून, शक्य तर पंख्यासमोर ठेवा.

एका बाबतीत तुमचा आग्रह योग्य आहे: समोरून उत्तर यायचं असेल तिथे. बाजार समितीतल्या लिलावात घरबसल्या बोली लावायची तर अर्धा मिनिट उशीर म्हणजे माल गेला. तिथे वेबआरटीसी (व्हिडिओ कॉलसारखं थेट जोडणारं तंत्र) हवं, त्यात चित्र सेकंदाच्या आत पोचतं. पण त्यात प्रत्येकाशी चालू जोडणी सांभाळावी लागते, साठवणीचा फायदा नाही, त्यामुळे गर्दी वाढली की खर्चही वाढतो. मंडपातल्या एलईडी पडद्यालाही यूट्यूबवरून चित्र देऊ नका. कॅमेऱ्यातून सरळ वायर टाका, नाहीतर स्पीकरवर बुवांचा अभंग दोनदा ऐकू येतो आणि मागून कोणीतरी ओरडतं, "आवाज दोनदा यी ऱ्हायना भो!"

पुतण्याला फोन करू नको म्हणणं काही बरं दिसणार नाही. तेव्हा तुमच्या मोबाइलवर एवढंच करून बघा: पट्टीवरच्या 'लाइव्ह' शब्दाशेजारचा ठिपका लाल नसेल, तर त्यावर बोट ठेवा. मध्येच व्हिडिओ थांबवला असेल तर तेवढा जास्तीचा उशीर त्याने लगेच जातो. आणि क्वालिटी 'ऑटो'वर ठेवा, हट्टाने 1080 निवडू नका.